खोली खाली करा म्हणतात, वकील कुठून आणू?

भाड्याच्या घरातून काढण्याची नोटीस किंवा समन्स आलं आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत, अशा आशयाची बरीच पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर महाराष्ट्रातल्या भाडेकरूंना मिळणाऱ्या मोफत वकिलावर. पत्रं लांब होती, इथे प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : चाळीतली भाड्याची खोली माझ्या नावावर आहे. चार घरची धुणीभांडी करते. लघुवाद न्यायालयाचं समन्स आलंय. ओळखीचा वकील सुरुवातीलाच १५ हजार मागतो. सरकारी वकील फुकट मिळतो म्हणतात, पण उत्पन्नाचा दाखला लागेल ना? तो निघायला वेळ लागतोय. (कुर्ला)

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण कोर्टाच्या आवारात तो चुकला की अर्धा दिवस जातो. ‘सरकारी वकील’ म्हणजे सरकारची बाजू मांडणारा. तुम्हाला हवा आहे तो विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील. कोर्टात शिरल्यावर ‘विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठे’ एवढंच विचारा. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. ठिकाण सापडत नसेल तर १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

दाखल्याचं म्हणाल तर तुम्हाला तो लागतच नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री असणं हाच मोफत वकिलाचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, मुलं, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले लोक, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेले, यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकी सगळ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. त्यांनीसुद्धा तहसीलदाराच्या दाखल्यासाठी अडून बसू नये. कलम १३ म्हणतं की उत्पन्नाबद्दल अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर. कोर्टात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे आवाराबाहेर कुणी स्टॅम्पपेपर घ्यायला लावला तर घेऊ नका.

सोबत काय न्यायचं : समन्स आणि दाव्याची प्रत, समन्स ज्या पाकिटातून आलं ते पाकीट, आधारची झेरॉक्स, असतील तेवढ्या भाडेपावत्या, खोलीच्या पत्त्याचं विजेचं बिल. अर्ज छापील नमुन्यावर करता येतो, साध्या कागदावरही चालतो. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगाल ते तिथला कर्मचारी लिहून घेतो आणि अंगठा घेतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मात्र मागून घ्या. ती प्रत पुढे कामाला येते.

नियमाप्रमाणे अर्जावर शक्यतो त्याच दिवशी, आणि फार तर ७ दिवसांत निर्णय व्हायला हवा. मधल्या काळात कोर्टाची तारीख आली तर? घरी बसायचं नाही. पुकारा झाला की स्वतः उभं राहायचं, शिक्क्याची प्रत दाखवायची आणि ‘विधी सेवेकडे वकिलासाठी अर्ज केलाय, मुदत द्यावी’ एवढं म्हणायचं. प्रतिवादी हजर आहे ही नोंद कामकाजात झाली की त्या दिवशी तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होण्याचा धोका बहुतेक टळतो.

या मदतीत वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, भाषांतर, नकला हे सगळं येतं. तुमच्याकडून फक्त प्रवासभाडं आणि वेळ जातो.

प्रश्न : मालकाच्या वकिलाची नोटीस पोस्टाने आली होती, मी घेतलीच नाही. शेजारी म्हणाले, घेतली नाही म्हणजे आली नाही. बरोबर केलं ना? (पिंपरी)

नाही. शेजाऱ्यांचा हा सल्ला जुना आहे आणि भलताच महाग पडतो. योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलं की कायद्याच्या हिशेबानं ते तुम्हाला मिळालंच. फरक इतकाच की मालकाला मजकूर माहीत आहे आणि तुम्हाला नाही.

थकलेल्या भाड्यासाठी भाडेकरूला काढायचं असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे आधी लेखी नोटीस देऊन मालकाला ९० दिवस थांबावं लागतं. हे ९० दिवस तुमच्या फायद्याचे आहेत. त्यात थकबाकी दिलीत तर थकबाकीच्या कारणावर दावा उभाच राहत नाही. नोटीस परत पाठवून तुम्ही हीच संधी परत पाठवलीत. मालकाच्या वकिलाचं नाव-पत्ता ठाऊक असेल तर नोटिशीची प्रत मागून घ्या. काहीच ठाऊक नसेल तर मालकाला थकलेलं भाडं बँकेतून पाठवा, कोणत्या महिन्यांचं ते शेऱ्यात लिहा, आणि तसं साधं पत्र पोचपावतीसह टाका. पैसे रोख देऊन ‘पावती उद्या देतो’ यावर विसंबू नका. पावती देणं मालकावर कलम २६ नं बंधनकारक आहे, ती मागण्यात अपमान कसला?

वकिलासाठी अर्ज करायला समन्सची वाट पाहावी लागत नाही. नोटिशीला उत्तर देण्यासाठीही विधी सेवा मिळते. नोटिशीचं उत्तर नीट गेलं तर निम्मी प्रकरणं कोर्टाच्या पायरीपर्यंत जातही नसतील, असं वाटतं.

प्रश्न : भाडं महिना ८०० रुपये. घरात आजारपण निघालं, १० महिने थकले. आता कोर्टाचं समन्स आलंय. खोली गेली असंच समजायचं का? पॅनेलचा वकील अजून नेमला गेलेला नाही. (परळ)

गेली असं समजू नका, पण आजपासून दिवस मोजा. कलम १५(३) भाडेकरूला आणखी एक संधी देतं : समन्स बजावल्या तारखेपासून ९० दिवसांत थकलेलं भाडं, मान्य वाढी आणि त्यावर वर्षाला १५ टक्के दरानं सरळ व्याज कोर्टात भरलं, दाव्याचा खर्च कोर्ट सांगेल तसा दिला आणि दावा संपेपर्यंत पुढचं भाडं नियमित भरत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावर ताबा देण्याचा हुकूमनामा करता येत नाही.

तुमचा हिशेब इथेच करून पाहू. ८०० रुपयांवर १५ टक्के म्हणजे वर्षाला १२० रुपये, महिन्याला १०. सगळ्यात जुनं भाडं १० महिने थकलेलं, त्याचं व्याज १००. त्याच्या पुढच्या महिन्याचं ९०, मग ८०, असं उतरत शेवटच्या महिन्याचं १०. बेरीज ५५०. म्हणजे भाडं ८,००० अधिक व्याज ५५०, एकूण ८,५५० रुपये. आणखी दोन महिने काहीच न भरता थांबलात तर १२ महिन्यांचं भाडं ९,६०० आणि व्याज ७८०, मिळून १०,३८०. दरवर्षीची ४ टक्के वाढ मालकानं लावली असेल तर तीही धरायची. कागदावर महिनावार तक्ता करून वकिलाला द्या. आकडा काठावर ठेवू नका. शे-दोनशे जास्त भरलेले चालतात, दहा रुपये कमी भरलेले पुढे वर्षभर नडतात.

इथे चुका ठरावीक होतात. लोक मुद्दल भरतात, व्याज विसरतात. किंवा दोन्ही भरतात आणि तिसऱ्या महिन्यापासून पुढचं भाडं भरणं सोडतात, ‘आता सगळं कोर्टात आहेच’ म्हणून. मग कलमाचं संरक्षण निघून जातं. तिसरी चूक सगळ्यात वाईट, आणि ती तुमच्याबाबत होऊ घातली आहे : वकील नेमला जाईपर्यंत थांबणं. ९० दिवस समन्स हातात पडल्यापासून धावतात, वकील मिळाल्यापासून नाही. लेखी कैफियतीचंही, म्हणजे दाव्याला द्यायच्या तुमच्या लेखी उत्तराचंही, तसंच आहे, ३० दिवस आणि कोर्टानं वाढवली तरी सहसा ९०. तेव्हा रक्कम भरण्याची परवानगी मागणारा अर्ज स्वतः द्या. विधी सेवेच्या ऑफिसात बसून तो लिहून घेता येतो. कोर्टाचा हुकूम झाला की नाझर शाखेत, म्हणजे कोर्टात पैसे स्वीकारतात त्या विभागात, पैसे भरायचे आणि पावतीवर दाव्याचा क्रमांक बरोबर पडलाय का ते खिडकीतच तपासायचं. चुकीच्या दाव्यात जमा झालेले पैसे हलवायला आणखी एक अर्ज लागतो.

हे सगळं थकबाकीपुरतं आहे. मालकाला खोली स्वतःच्या वापरासाठी हवी, पोटभाडेकरू ठेवला, सहा महिने खोली बंद होती, अशी कलम १६ ची कारणं दाव्यात असतील तर पैसे भरून ती मिटत नाहीत. स्वतःच्या गरजेचं कारण असेल तेव्हा कोर्टाला एक तुलना करावी लागते : ताबा दिला तर भाडेकरूचे हाल जास्त की नाही दिला तर मालकाचे. तिथे तुमची मुलं कोणत्या शाळेत जातात, कामाची घरं किती अंतरावर, आजारी माणसाचे उपचार कुठे चालू आहेत, हे सगळं कैफियतीत यायला हवं. पॅनेलच्या वकिलाकडे कामं खूप असतात. हा तपशील तो तुमच्याकडून काढून घेईल या आशेवर राहू नका, एका कागदावर लिहून द्या.

प्रश्न : ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार संपून चार महिने झाले. सक्षम प्राधिकाऱ्याकडून समन्स आलंय, कोर्टाकडून नाही. म्हणजे घाई नाही ना? (ठाणे)

उलट, इथे सगळ्यात जास्त घाई आहे. शहरातले कमी उत्पन्नाचे बहुतेक लोक आज चाळीतले भाडेकरू नसून लायसन्सवर राहणारे आहेत, आणि त्यांच्यासाठी कायद्याची वाट अरुंद आहे. वर सांगितलेली थकबाकी भरण्याची संधी, हालांची तुलना, यातलं काही त्यांना लागू नाही.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ताबा मागू शकतो. कलम ४३ ची पद्धत अशी आहे : समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला प्रतिज्ञापत्र देऊन ‘मला बचाव करू द्या’ अशी परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकानं अर्जात लिहिलेलं सगळं तुम्ही कबूल केलं असं धरतात आणि ताब्याचा हुकूम होतो. नुसतं हजर राहून ‘साहेब, माझं ऐका’ म्हटल्यानं भागत नाही. या हुकुमावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो.

मोफत वकील इथेही मिळतो. विधी सेवा कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात न्यायिक काम करणारे प्राधिकारीही येतात. विधी सेवेच्या खिडकीवर कुणी ‘ही कोर्टाची केस नाही’ म्हणालं तर सचिवांना भेटा. अर्जावर ठळक लिहा : ‘कलम ४३, समन्स मिळाल्याची तारीख अमुक, मुदत संपण्याची तारीख तमुक.’ त्या दोन तारखा दिसल्या की अर्ज ढिगात खाली जात नाही.

प्रतिज्ञापत्रात काय चालतं? मालकाला ताबा मिळण्याचा हक्कच नाही असं दाखवणारी ठोस गोष्ट हवी : कराराची मुदत अजून संपलेली नाही, नवा करार झालाय, सही माझी नाही. ‘दुसरं घर मिळत नाही’, ‘मुलाची परीक्षा आहे’ या खऱ्या अडचणी असल्या तरी त्यावर परवानगी मिळत नाही. लेखी करारातला मजकूर इथे निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे ‘तोंडी वेगळं ठरलं होतं’ हे सांगून फारसं काही होत नाही.

आता स्पष्टच सांगतो. करार नोंदवलेला असेल, मुदत संपली असेल आणि नवा करार नसेल, तर कितीही चांगला वकील ती खोली वाचवू शकणार नाही. तो एवढंच करू शकतो : खोली सोडायला जमेल अशी तारीख मिळवणं, डिपॉझिट त्याच दिवशी परत मिळेल असं लिहून घेणं आणि दुप्पट भरपाईतून सोडवणं. हे शेवटचं छोटं नाही. मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. महिना ६,००० फी असेल तर चार महिन्यांचे ४८,०००. डिपॉझिट त्यातच संपतं. म्हणून इथे लढण्यापेक्षा बोलणी लवकर केलेली बरी, आणि ती वकिलामार्फत.

प्रश्न : आमचा लेखी करारच नाही. झोपडपट्टीतली खोली, भाडं रोख. मालकानं पाणी तोडलं, आता कुलूप लावीन म्हणतो. कागद नसल्यावर आम्हाला कोण वकील देणार? (नागपूर)

करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदवलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत, असं ते कलम सांगतं. नोंदणी न करणं मालकाच्या बाजूनं गुन्हाही आहे. तेव्हा कागद नसण्याची भीती त्याला जास्त असायला हवी.

तुम्ही तिथे राहता हे मात्र दाखवावं लागेल. रेशनकार्ड, मुलाच्या शाळेतला पत्ता, गॅसचं बुक, दवाखान्याचे कागद, मालकाशी भाड्याबद्दल झालेले मोबाइलवरचे मेसेज. मेसेज पुसू नका आणि तो मोबाइल बदलू नका.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सफाई या आवश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडायला कलम २९ ची बंदी आहे. कोर्ट चौकशी पूर्ण होण्याआधीच सेवा सुरू करण्याचा अंतरिम हुकूम देऊ शकतं. विधी सेवा फक्त बचावासाठी असते असा गैरसमज आहे. स्वतः अर्ज किंवा दावा लावण्यासाठीही वकील मिळतो. नळ तोडलेल्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, फोटोत शेजारचा चालू नळ दिसला तर आणखी चांगलं.

कुलूप लावलंच तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ‘दिवाणी मामला आहे’ असं उत्तर मिळण्याची शक्यता धरूनच चला. तक्रारीचा उपयोग तारीख सिद्ध करायला होतो. खरा उपाय विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ : कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मागता येतो. त्यात मालकी कोणाची हा वाद येतच नाही, फक्त ताबा होता का आणि तो कसा गेला एवढंच पाहतात. सातव्या महिन्यात गेलात तर हे दार बंद.

तुमची वस्ती १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित असेल तर वकिलाला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. त्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाला काढण्याचा दावा लावता येत नाही. परवानगी देताना तुमच्या ऐपतीत बसणारी दुसरी जागा मिळेल का, हे प्राधिकाऱ्यानं पाहायचं असतं. वस्ती घोषित आहे हे कुणी सांगितलं नाही म्हणून हा मुद्दा कैफियतीत राहून जातो.

प्रश्न : पॅनेलचे वकील दोन तारखांना आले नाहीत. तिसऱ्या वेळी ‘खर्चाला’ दोन हजार मागितले. तक्रार केली तर केस सोडतील का? (सोलापूर)

पैसे देऊ नका. पॅनेलच्या वकिलाला प्राधिकरण पैसे देतं, तुमच्याकडून कोणत्याही नावानं रक्कम घ्यायची त्याला मनाई आहे. जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्या : नेमणूकपत्राचा क्रमांक, गैरहजेरीच्या दोन तारखा, पैसे मागितल्याचा दिवस. शेवटच्या ओळीत ‘वकील बदलून मिळावा’ हे स्पष्ट लिहा, नाहीतर अर्ज नुसती तक्रार म्हणून फिरत राहतो. पॅनेलवरच्या एखाद्या वकिलाचं नाव तुम्हाला सुचवायचं असेल तर तेही सुचवता येतं.

मात्र गैरहजेरी खरोखर झाली का, हे आधी पाहा. दाव्याच्या कागदावर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की प्रत्येक तारखेला काय झालं ते दिसतं. पुष्कळदा न्यायाधीश रजेवर असतात, तारीख पुढे जाते आणि पक्षकाराला वाटतं वकीलच आला नाही. दुसरं म्हणजे नवा वकील आला की नवं वकीलपत्र लागतं. त्यावर सही करा, कोऱ्या कागदावर कधीच नाही.

प्रश्न : कुणी काही कळवलं नाही आणि एक दिवस बेलिफ वॉरंट घेऊन दारात. म्हणाला आठ दिवसांनी येतो. आता काय? (पुणे)

म्हणजे एकतर्फी हुकूमनामा झाला आहे आणि मालकानं दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली आहे. हुकूमनामा होऊन दोन वर्षं झाली नसतील तर दरखास्तीची वेगळी नोटीस द्यावी लागत नाही, म्हणून बेलिफ असा अचानक येतो.

आजच विधी सेवेच्या ऑफिसात जा आणि अर्जावर ‘तातडीचं, ताबा वॉरंट’ लिहा. वकील दोन गोष्टी एकत्र करेल : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, आणि तोवर वॉरंटला स्थगिती. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर तुम्हाला कळलं त्या दिवसापासून ३०. म्हणून बेलिफ आला ती तारीख लिहून ठेवा.

सगळं वजन आता एका कागदावर आहे : मूळ समन्स बजावल्याचा बेलिफचा अहवाल. फाइलची पाहणी करून त्याची नक्कल काढायला लावा आणि स्वतः वाचा. समन्स कुणाच्या हाती दिलं? घरातल्या सज्ञान माणसाकडे दिलेलं चालतं, घरकामाला येणाऱ्या बाईकडे किंवा शेजाऱ्याकडे दिलेलं चालत नाही. दारावर डकवलं असेल तर घर कुणी दाखवलं, साक्षीला कोण होतं, ही नावं अहवालात हवीत. तुम्ही त्या दिवशी गावी होतात तर एसटीचं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, कामावरची हजेरी, काहीही शोधा. पत्ता चुकीचा लिहिलेला असणं, खोली क्रमांक १२ च्या जागी २१, हेही घडतं.

स्थगिती देताना कोर्ट थकबाकी भरण्याची अट घालू शकतं. अटीची तारीख चुकली की स्थगिती गेली, तेव्हा पैशांची सोय अर्जाबरोबरच बघा.

प्रश्न : आमची इमारत रेल्वेची आहे. भाडे नियंत्रण कायदा आम्हाला लागू आहे का? (कल्याण)

नाही. केंद्राच्या जागांना सार्वजनिक परिसर (अनधिकृत भोगवटादार निष्कासन) अधिनियम, १९७१ लागतो आणि तिथे संपदा अधिकारी हुकूम देतो. अपील जिल्हा न्यायाधीशांकडे, मुदत फक्त १२ दिवस. मोफत वकील मिळतो, पण १२ दिवसांत अर्ज, नेमणूक आणि अपील हे सगळं बसवायचं तर कारणे दाखवा नोटीस आली त्याच दिवशी विधी सेवेकडे जायला हवं, हुकूम होण्याआधी.

प्रश्न : माझी घरमालकीण विधवा आहे, तिलाही मोफत वकील मिळाला म्हणे. मग माझा अर्ज नाकारतील का? (नाशिक)

नाही. तिला स्त्री म्हणून मिळाला, तुम्हाला उत्पन्नावर मिळेल. एकाच दाव्यात दोन्ही बाजूंना पॅनेलचे वकील असू शकतात, ते वेगवेगळे असतात. अर्ज नाकारलाच तर कारण लेखी मागा, त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते.

प्रश्न : लोकअदालतीत या, मिटवून टाकू, असा निरोप आलाय. सही करावी का? (कोल्हापूर)

जायला हरकत नाही. तिथे तडजोड फक्त दोघांच्या संमतीनं होते. तुम्ही नाही म्हणालात तर प्रकरण जसंच्या तसं कोर्टात परत जातं, तुमचं काही बिघडत नाही.

सही केलीत तर मात्र मागे फिरणं नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि ठरलेल्या दिवशी खोली सोडली नाही तर मालक थेट दरखास्त लावतो. म्हणून एकट्यानं जाऊ नका, पॅनेलचा वकील सोबत घ्या आणि मसुदा मोठ्यानं वाचून घ्या. त्यात हे सगळं आकड्यांत हवं : खोली सोडायची तारीख, तोपर्यंतचं भाडं, डिपॉझिटची रक्कम आणि ते किल्ली देताना त्याच वेळी बँकेत जमा होणं, तोवर पाणी-वीज न तोडणं, दुप्पट भरपाई आणि थकबाकीवरचा हक्क मालकानं सोडणं, इतर दावे-तक्रारी मागे घेणं. ‘डिपॉझिट नंतर देण्यात येईल’ असं वाक्य दिसलं तर तिथेच थांबा आणि ‘नंतर’ खोडून तारीख घालायला सांगा.